६० अर्ज केले, एकही फोन नाही. कंपन्या सीव्ही वाचतात तरी का?

तुम्ही लिहिलंय की मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, क्वालिटीत दोन वर्षं काढलीत, ६० ठिकाणी अर्ज टाकले आणि कुणाचाच फोन नाही. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ११ वर्षं भरतीचं काम करतेय. आमच्याकडे रोज जे होतं तेच सांगते.

सीव्ही वाचण्याआधी तो शोधला जातो. क्वालिटी मॅनेजरचा मला चार ओळींचा मेल येतो: सीएमएम (पार्टची अचूक मापं घेणारं मशीन) चालवता यायला हवं, पीपॅपची (नवा पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायची) कागदपत्रं केलेली हवीत, पगार इतका, माणूस लवकर हवा. मी हेच शब्द नोकरी डॉट कॉमवर आणि आमच्या सिस्टिममध्ये टाकते. वर अनुभव, ठिकाण, नोटीस पीरियड हे फिल्टर लावते. ज्याच्या सीव्हीत ते शब्द नाहीत तो माझ्या स्क्रीनवर येतच नाही. त्याला कुणी नापास केलेलं नसतं, तो कुणाला दिसलेलाच नसतो.

दोन वर्षांपूर्वी अशीच एक जागा तीन आठवडे भरेना. शेवटी आमच्या एका सुपरवायझरने भोसरीत काम करणाऱ्या भाच्याचं नाव सुचवलं. मुलगा आला, सीएमएमवर बसला, आधी प्रोब कॅलिब्रेट करून घेतला, ड्रॉइंग बघून आमच्या ब्रॅकेटचे डेटम, म्हणजे मापं जिथून धरायची ते संदर्भ, कुठून घ्यायचे ते न अडखळता सांगितलं. मॅनेजर खूश. नंतर मी सिस्टिममध्ये त्याचं नाव टाकलं, तर त्याचा सीव्ही महिनाभर आमच्याकडेच पडून होता! त्यात काय होतं? सुरुवातीला ‘हार्डवर्किंग’ आणि ‘टीम प्लेअर’, मग ‘पार्ट्स इन्स्पेक्शन आणि रिपोर्ट’, खाली वडिलांचं नाव, धर्म, छंद क्रिकेट. ज्या मशीनवर दोन वर्षं रोज काम केलं, तिचं नावच नाही. मला त्या दिवशी फार लागलं. मामा कंपनीत नसलेली अशी किती मुलं माझ्या हातून सुटली असतील, हे अजून मनात येतं.

म्हणून मशीनचं नाव, सॉफ्टवेअर, कोणता पार्ट, कोणती गेज, कोणत्या ऑडिटला हजर होतात, हे पहिल्या अर्ध्या पानात येऊ द्या. जाहिरातीत जो शब्द आहे तोच वापरा, पण काम खरंच केलं असेल तरच. खोटं असेल तर मॅनेजर दुसऱ्या प्रश्नातच ओळखतो.

फाइल साधी ठेवा. बरीच मुलं छापील सीव्हीचा मोबाइलवर फोटो काढून त्याचीच पीडीएफ पाठवतात. ते चित्र असतं, त्यातली अक्षरं बऱ्याच सिस्टिमला वाचता येत नाहीत. दोन रकान्यांच्या रंगीत टेम्प्लेटमध्येही मजकूर कधी कधी उलटसुलट होतो.

आणखी एक गोष्ट आमच्या पट्ट्यातल्या मुलांना नेहमी नडते. काम एका मोठ्या कंपनीत केलेलं असतं, पण पगार कॉन्ट्रॅक्टरकडून. सीव्हीत फक्त मोठ्या कंपनीचं नाव, आणि यूएएनची (पीएफच्या खाते क्रमांकाची) सर्व्हिस हिस्ट्री काढली की तिथे कॉन्ट्रॅक्टरचं. मग खरं बोलणाऱ्यावरही संशय येतो. दोन्ही नावं लिहा: पेरोल कुणाचा, काम कुठे. यात कमीपणा काहीच नाही. तारखाही पीएफशी जुळू द्या. मध्ये सहा महिने घरी होतात, तर तसं एका ओळीत लिहा.

ओळखीतून आलेला सीव्ही आधी उघडला जातो, हेही खरं आहे आणि ते मला पटत नाही. पण ओळख म्हणजे मामाच लागतो असं नाही. तुमच्या बॅचचा कुणी रांजणगावला, चाकणला लागला असेल तर त्याला सरळ विचारा, जागा निघाली की एचआरला माझा सीव्ही देशील का. आम्ही तो घेतो.

तुमच्या प्रश्नात एवढंच आहे की ‘क्वालिटीत होतो’. तपासणी कुठली, इनकमिंग (बाहेरून येणारा माल), इनप्रोसेस (चालू काम) की फायनल? कोणती उपकरणं हाताळलीत? खाली लिहा, पहिलं अर्धं पान आपण इथेच बसवू.