रखडलेल्या घरांसाठी करदात्यांचा पैसा का?

प्रश्न : गेली नऊ वर्षे मी एकही हप्ता न चुकवता गृहकर्ज फेडत आहे. रखडलेले गृहप्रकल्प पूर्ण करण्यासाठी केंद्र सरकार हजारो कोटी रुपये देते, तेव्हा बिल्डरच्या चुकांची आणि पारख न करता घाईने घर घेणाऱ्यांची भरपाई माझ्यासारख्या करदात्याने का करावी? अशाने सगळेच निर्धास्त होणार नाहीत का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी ‘घाई’विषयी. गेल्या महिन्यात एक जोडपे आपली फाइल घेऊन माझ्याकडे आले होते. तीत नोंदणीकृत करारनामा होता, मुद्रांक शुल्काची पावती होती, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा सरकारी उतारा) होता आणि एकेक स्लॅब पडल्यावर बँकेने बिल्डरला परस्पर दिलेल्या रकमांचा तपशील होता. सातव्या स्लॅबपाशी तो तपशील संपत होता. कर्जाचे हप्ते आणि राहत्या घराचे भाडे मात्र आजही चालू आहे. नकाशे पालिकेने मंजूर केलेले, जमिनीची कागदपत्रे बँकेच्या वकिलाने तपासलेली. या दोघांनी आणखी कोणती पारख करायची राहिली होती, हे मला ती फाइल दोनदा वाचूनही सापडले नाही. ज्या सरकारने परवानगी दिली, शुल्क घेतले आणि बँकांवर देखरेख ठेवली, ते या व्यवहारात तिऱ्हाईत नव्हते. म्हणून त्याने हात झटकणे मला मान्य नाही.

कायदे आहेत, पण त्यांची पोच मर्यादित आहे. २०१६च्या रेरा, म्हणजे बिल्डरांच्या व्यवहारांवर नियमन ठेवणाऱ्या स्थावर संपदा कायद्याने ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवणे सक्तीचे केले आणि ताबा लांबल्यास व्याजासह परताव्याचा हक्क दिला. २०१८मध्ये दिवाळखोरी कायद्यात दुरुस्ती होऊन घर घेणाऱ्यांना वित्तीय धनकोंचा, म्हणजे बँकांसारखाच कर्ज देणाऱ्यांचा दर्जा मिळाला. परंतु बिल्डरकडे अर्धवट, गहाण पडलेल्या इमारतीखेरीज काही उरलेच नसेल, तर वसुलीचा आदेश जिल्हाधिकारी कार्यालयात पडून राहतो आणि आठवा स्लॅब काही पडत नाही.

तेव्हा खरा वाद सरकारने मदत करावी की नाही हा नसून, पैसा कोणाच्या हाती जावा हा आहे. १९३३मध्ये अमेरिकेत महामंदीने घरे जप्त होऊ लागली, तेव्हा सरकारने एक महामंडळ काढले. त्याने थकलेली कर्जे सावकार संस्थांकडून रोखे देऊन विकत घेतली आणि घरमालकांना १५ वर्षांच्या मुदतीची, सोप्या हप्त्यांची नवी कर्जे दिली. अशी सुमारे दहा लाख कर्जे दिली गेली. त्यांतली साधारण पाचातली एक पुढे तरीही बुडाली, पण १९५१मध्ये महामंडळ बंद झाले तेव्हा त्याच्या हाती थोडी शिल्लकच होती. २००८मध्ये त्याच देशाने ७०० अब्ज डॉलरची तरतूद केली, ती प्रामुख्याने बँका आणि मोठ्या कंपन्या सावरण्याकडे वळली आणि लाखो कुटुंबांची घरे गेलीच. दोन्ही वेळा हस्तक्षेप सरकारचाच होता.

आपल्याकडे नोव्हेंबर २०१९मध्ये रखडलेले गृहप्रकल्प पुरे करण्यासाठी २५,००० कोटींचा ‘स्वामीह’ निधी जाहीर झाला. त्यात सरकारचा वाटा १०,००० कोटींचा. त्या वेळी १,६००हून अधिक प्रकल्पांतली ४.५८ लाख घरे अडकल्याचे सरकारनेच सांगितले होते. हा पैसा अनुदान नसून कर्ज आहे आणि तो बांधकाम पुरे करण्यासाठीच दिला जातो, ही त्याची जमेची बाजू. २०२५च्या अर्थसंकल्पात ५० हजार घरांच्या चाव्या दिल्याचे सांगून आणखी १५,००० कोटींचा दुसरा निधी जाहीर झाला. मात्र उरलेली घरे विकून खर्च भरून निघेल, अशाच प्रकल्पांना हा निधी मिळतो. ज्यांच्याकडे विकायलाच काही उरले नाही, ते सर्वांत पिचलेले ग्राहक त्याबाहेर राहतात, आणि ही उणीव मला फार टोचते.

निर्धास्तपणाची तुमची भीती बिल्डरच्या बाबतीत मला पूर्ण पटते. ज्याने एका प्रकल्पाचा पैसा दुसऱ्या जमिनीत घातला, त्याच्याकडे सरकारी पैसा येताच प्रकल्पाचा ताबा राहता कामा नये. स्लॅब न पाहता रकमा सोडणाऱ्या बँकेनेही तोट्यातला वाटा उचललाच पाहिजे.

प्रश्न : ताबा मिळेपर्यंत मी हप्ते थांबवू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : थांबवू नका. कर्जाचा करार तुमचा आणि बँकेचा आहे. बिल्डरने काम थांबवले हे कारण बँक स्वीकारत नाही, आणि थकबाकीची नोंद तुमच्याच नावावर लागते. त्याऐवजी, प्रत्यक्ष काम झाल्याशिवाय पुढची रक्कम देऊ नये, असे बँकेला लेखी कळवून पोच घ्या. घर नको असेल तर रेराच्या कलम १८खाली व्याजासह परतावा मागता येतो. घर हवेच असेल, तर ताबा मिळेपर्यंत विलंबाच्या प्रत्येक महिन्याचे व्याज बिल्डरकडून मागता येते, आणि त्यासाठी महारेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या प्राधिकरणाकडे, तक्रार करावी लागते.