थायोकीटोनचं (कीटोनमधल्या ऑक्सिजनच्या जागी गंधक असलेल्या संयुगाचं) कीटोन करायचंय, पण रेणूतला अल्कोहोल तसाच ठेवायचाय. कोणता अभिकर्मक वापरावा?

बिस(४-मेथॉक्सिफेनिल) टेल्युरॉक्साइड वापरा. बार्टन आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये सौम्य ऑक्सिडीकारक म्हणून मांडलेलं हे संयुग थायोकार्बोनिलवर, म्हणजे कार्बन-गंधक दुहेरी बंधावर, नेमकं चालतं आणि साध्या अल्कोहोलला हात लावत नाही. मात्र रेणूत मोकळा थायॉल (-SH गट) असेल तर त्याचा डायसल्फाइड होईल आणि कॅटेकॉलचा (शेजारी-शेजारी दोन -OH असलेल्या बेंझिन वलयाचा) क्विनोन; हे आधी तपासाच.

१ मिलिमोल थायोकीटोनला या अभिकर्मकाचे १.१ मिलिमोल, म्हणजे सुमारे ३९४ मिग्रॅ पुरतं. क्लोरोफॉर्ममध्ये खोलीच्या तापमानाला ढवळा, टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर) लक्ष ठेवा. फारच संथ वाटलं तर उकळवा. शेवटी कीटोनसोबत गंधक आणि डायअरिल टेल्युराइड (ऑक्सिजन गमावलेला अभिकर्मक) उरतात. दोन्ही कमी ध्रुवीय, त्यामुळे सिलिका कॉलमवर कीटोनच्या आधी निघून जातात.

अभिकर्मक घरीच, म्हणजे प्रयोगशाळेत, करायचा तर टेल्युरियम टेट्राक्लोराइड जादा अॅनिसोलमध्ये १६० अंश सेल्सिअसला तापवा आणि मिळालेल्या डायक्लोराइडचं सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने जलापघटन करा. बहुतेकांचं इथेच फसतं: टेट्राक्लोराइड दमट हवेत लगेच बिघडतं, आणि तापमान कमी पडलं तर अभिक्रिया एकाच अरिल गटावर (टेल्युरियमला अॅनिसोलचा एकच वलय जोडून), ट्रायक्लोराइडपाशी थांबते. हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो, तेव्हा फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारी पेटी) हवाच. हातमोजेही घाला, टेल्युरियम शरीरात गेलं की श्वासाला लसणासारखा वास येतो आणि तो बरेच दिवस जात नाही.