सूत्रं पाठ आहेत, पण गणित सुटत नाही

प्रश्न : आम्ही तासगावचे, घरची द्राक्षबाग आहे. मुलगा अकरावी सायन्सला. फिजिक्सची सूत्रं तोंडपाठ, पण सूत्राच्या मधलं काही काढायचं आलं की अडतो. वालचंदला इंजिनिअरिंग करायचं म्हणतो. चाचणीत वीसपैकी सहा पडले. आर्ट्सला घालावं का? – एक आई

उत्तर : ताई, एवढ्यात सायन्स सोडवू नका. तुम्ही पाठवलेली उत्तरपत्रिका दोनदा वाचली. त्याला फिजिक्स कळतंय. कच्चं राहिलंय ते आठवीचं बीजगणित.

तिसरंच गणित बघा. विस्थापन = वेग × काळ + ½ × त्वरण × काळ². यातून त्वरण हवं होतं. त्यानं विस्थापनाची दुप्पट केली, तिला काळाच्या वर्गानं भागलं आणि 'वेग × काळ' शेवटी वजा केलं. ती वजाबाकी सगळ्यात आधी हवी होती. एककं लिहिली असती तरी चूक तिथंच सापडली असती : त्वरणातून मीटर वजा होतील कसे?

नववी-दहावीत व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्सचा त्रिकोण काढून हवं ते बोटानं झाकायला शिकवतात. मला ती युक्ती अजिबात आवडत नाही. नुसता गुणाकार असेल तोवर ती चालते, बेरीज किंवा वर्ग आला की मूल उघडं पडतं. 'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं' हेही तसंच. नेत कुणी काही नाही. दोन्ही बाजूंना एकच क्रिया करायची असते.

रोज एक सूत्र घेऊन त्यातली प्रत्येक राशी आळीपाळीनं बरोबरच्या चिन्हाच्या एका बाजूला एकटी करू दे. ती एकटी होईपर्यंत आकडे घालायचे नाहीत. सुरुवात विहिरीवरच्या पंपापासून करा. पॉवर = घनता × गुरुत्वत्वरण × सेकंदाला चढणारं पाणी × उंची. ५ एचपी म्हणजे ३७३० वॅट. उंची ३० मीटर धरली, तर पाणी = ३७३० ÷ (१००० × ९.८ × ३०), म्हणजे सेकंदाला ०.०१२७ घनमीटर, जेमतेम १२.७ लिटर. पंपात नि पाइपात बरंच वाया जातं, म्हणून टाकी किती वेळात भरते ते घड्याळ लावून मोजू दे आणि फरक वहीत लिहू दे.

सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. तिथं सूत्र फिरवायला हात बसलेला लागतो. दोन महिने हे करा, मग सहामाहीची उत्तरपत्रिका पाठवा. शाखेचं तेव्हा बोलू.