हातातोंडाची गाठ

“ताई, मी ३६ वर्षांची आहे. ऑफिसात दहा जणांची टीम सांभाळते आणि नखं खाते. आठवीपासून. कडू नेलपॉलिश लावून पाहिलं, आठवड्याभरात त्या चवीचंही काही वाटेनासं झालं. ‘२१ दिवसांत सवय मोडा’ हे तीनदा केलं. दुसऱ्या खेपेला १९ दिवस निघाले. मग एका लांबलेल्या फोनच्या नादात एक नख गेलं आणि झोपेपर्यंत बाकीची नऊही. गेल्या आठवड्यात माझी सहा वर्षांची लेक गृहपाठ करताना अंगठा दातांत धरून बसलेली दिसली. मी केवढ्यांदा ओरडले! ती म्हणाली, ‘तू पण खातेस की!’ सासूबाई तिथेच होत्या. म्हणाल्या, ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही गं.’ ताई, माझ्यात इच्छाशक्तीच नाही का?”
– कुरतडी

प्रिय कुरतडी,

इच्छाशक्तीचं आधी मिटवून टाकू. दहा जणांना सांभाळणं तिच्यावाचून होत नाही, तेव्हा ती तुझ्याकडे आहे. फक्त तिला बोलावणं जातं तोवर नख दातांत गेलेलं असतं. प्रतिज्ञा तू करतेस सकाळी आरशासमोर. नख खातो तुझा हात, दुपारी साडेतीनला, तू स्क्रीनवरचा तक्ता वाचत असताना. या दोघांची गाठच पडत नाही, मग भांडण होणार कसं?

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या मेंदूशास्त्रज्ञ ॲन ग्रेबिएल यांनी उंदरांना एका सोप्या चक्रव्यूहात धावायला शिकवलं आणि त्यांच्या मेंदूचा सवयी सांभाळणारा खोलातला भाग तपासत राहिल्या. सुरुवातीला उंदीर धावत असताना तो पूर्ण वेळ गजबजलेला असे. वाट अंगवळणी पडल्यावर गजबज उरली ती फक्त निघताना आणि पोचल्यावर. मधल्या सगळ्या हालचालींचं एक गाठोडं बांधून झालं होतं. शर्टाची बटणं लावताना तू कुठे विचार करतेस? तसंच हे. बोट ओठांशी जाणं, कड दातांत धरणं, ओढणं, सगळं एका गाठोड्यात. तुला जाग येते ती गाठोडं रिकामं झाल्यावर, बोट झोंबायला लागल्यावर.

कडू नेलपॉलिश का हरलं तेही यातूनच कळतं. २०११ साली छापून आलेला एक गमतीदार प्रयोग आहे. सिनेमाला आलेल्या लोकांना पॉपकॉर्न दिले, काहींना ताजे आणि काहींना आठवडाभर पडून मऊ पडलेले. ज्यांना सिनेमा बघताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती, त्यांनी शिळेही ताज्यांइतकेच संपवले. आवडले नाहीत हे त्यांना कळत होतं, हात मात्र चालूच. पुढे लोकांना नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला लावलं, तेव्हा शिळे पॉपकॉर्न उरायला लागले. मुरलेली सवय चवीला विचारत नाही गं. तिच्या वाटेत पाट ठेवला की मात्र ती अडखळते, आणि आपल्याला तेवढंच हवंय.

आता ते २१ दिवस. या आकड्यावर माझा जुना राग आहे. त्याचा उगम सहसा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या लिखाणात दाखवतात. चेहऱ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस तरी लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातलं ‘किमान’ वाटेत गळून पडलं. पुढे लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे रोज एखादी नवी साधी गोष्ट करायला सांगितली. ती आपसूक व्हायला सरासरी ६६ दिवस लागतात असं दिसलं. कुणाचा हिशोब १८ दिवसांचा, तर कुणाचा, पुढचा अंदाज बांधून, २५४ दिवसांचा. आणि या होत्या नव्या सवयी. तुझी तर आठवीपासूनची.

त्याच अभ्यासात असंही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. म्हणजे १९व्या दिवशी फोनवर गेलेलं ते एक नख तुला फार महागात पडलं नसतं. महागात पडलं ते त्यानंतरचं ‘आता गेलंच आहे तर…’. पातेल्यातून थोडं दूध सांडलं म्हणून उरलेलं आपण मोरीत ओतत नाही ना?

मग करायचं काय? १९७३ मध्ये अझ्रिन आणि नन या दोन मानसशास्त्रज्ञांनी नखं खाणं, अंग उडवणं अशा खोडींसाठी एक साधी पद्धत मांडली. ती अजून वापरात आहे. पहिले चार दिवस काही सोडायचं नाही, फक्त पाळत ठेवायची. वही घे. प्रत्येक वेळी एक रेघ आणि पुढे दोन शब्द: कुठे, कोणतं बोट. माझा अंदाज सांगते, पडताळून बघ. दात शेवटी येतात. त्याआधी अंगठ्याचं टोक बाकीच्या नखांच्या कडांवरून फिरत असतं, कुठे खरखरीत लागतंय ते चाचपत. एक टोक सापडतं, मग त्याच्याशी चाळा, मग हात वर. कोपर टेबलावर आणि हनुवटी तळहातावर असेल तर हाताला वर जायचीही गरज नाही, तोंड शेजारीच असतं.

आपला पाट इथे ठेवायचा, त्या चाचपण्यापाशी. अंगठा फिरायला लागला की मूठ मिटायची, जरा घट्ट, आणि एक ते तीन मिनिटं मिटलेलीच ठेवायची. मिटलेल्या मुठीतून नख निघत नाही, आणि मीटिंगमध्ये कुणाला दिसतही नाही. हात कामात असेल तर पेन किंवा खुर्चीचा हात घट्ट धर. शिवाय नेलफाइल पर्समध्ये, टेबलाच्या खणात आणि उशाशी ठेव. खरखरीत टोक घासून टाकलं की चाचपणाऱ्या बोटाला सापडायला काही उरत नाही. आणि टेबलावरचं कोपर खाली घे.

हे अगदी क्षुल्लक वाटेल. वाटू दे. मोठ्या प्रतिज्ञा तीनदा करून झाल्यात.

कातडी सोलली जाऊन रक्त येत असेल, बोट सुजत असेल किंवा पू होत असेल तर आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. तासन्‌तास यातच जात असतील तर मानसोपचारतज्ज्ञांकडे. हीच पद्धत ते नीट बसून शिकवतात.

लेकीवर ओरडू नकोस. या वयात कितीतरी मुलं नखं खातात आणि बऱ्याच जणांची सवय आपोआप सुटते. आपण आरडाओरडा केला की त्या बोटाला उगाच महत्त्व येतं. त्यापेक्षा तिला खरं सांग: “मलाही हे जमत नाहीये, मी शिकतेय.” अझ्रिन-नन यांच्या पद्धतीत घरच्या माणसाने हळूच आठवण करायची असते. तुमची एक खूण ठरवा. तुझं बोट वर गेलं की तिने नुसती मूठ दाखवायची, तिचं गेलं की तू. तिला पोलीस मात्र करू नकोस, लहान मुलांना ती नोकरी फार आवडते.

राहिल्या सासूबाई. त्यांच्या म्हणीला माझी अर्धीच मान्यता. जुनी वाट मेंदूतून पुसली जात नाही. दमलेली असशील, चिडलेली असशील तेव्हा हात पुन्हा तिकडेच वळेल, पाच वर्षांनीही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे खरंच आहे. पण पीळ राहिला म्हणून त्या सुंभाने कुणी काही बांधत नाही. वळला हात, तर मूठ मिटायची आणि पुढचं काम घ्यायचं.

एक मोजमापही देते. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. पुरतं नवं यायला सहा महिने लागतात. दहाच्या दहा बोटांचा ध्यास सोड. डाव्या हाताची अनामिका निवड, दर एक तारखेला तिचा फोटो काढ, आणि बाकीच्या नऊ बोटांचा सध्या हिशोब ठेवू नकोस.

मला बोटं मोडायची सवय आहे. कुणाच्या नावाने नव्हे, खरीखुरी, कडकड. तुझं पत्र वाचून मीही शेजारी वही ठेवली. हे उत्तर लिहिता लिहिता अकरा रेघा झाल्या, त्यातल्या चार २१ दिवसांच्या परिच्छेदातल्या. पाळतीचे चार दिवस झाले की तुझ्या रेघा कळव.

– ताई