सालीतले द्रावक तेलविहिरीत चालेल का?

प्रश्न : मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे. तेलविहिरीच्या नळीत साचणारा मेणाचा आणि डांबरी थर काढायला झायलीन या पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या द्रावकाऐवजी संत्र्याच्या सालीतले लिमोनीन वापरतात, असे वाचले. ते खरेच हिरवे, म्हणजे पर्यावरणाला कमी घातक, द्रावक आहे का? खोदाईतही असे काही वापरतात का?

उत्तर : झायलीनच्या जागी लिमोनीन आले की मला आनंदच होतो. झायलीन 30 अंश सेल्सिअसच्या आसपासच पेट घेण्याजोगी वाफ सोडते. लिमोनीनला त्यासाठी साधारण 48 अंशांपर्यंत तापावे लागते. पंपाशेजारी उभ्या असणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा. पण सालीतून निघाले म्हणून निरुपद्रवी, हे मात्र मला मान्य नाही. जलचरांना लिमोनीन अतिशय विषारी आहे. हवा लागली की त्यात पेरॉक्साइडे तयार होतात आणि त्यांनी त्वचेला ॲलर्जी होते, म्हणून अर्धे वापरलेले पिंप उघडे ठेवू नये. नायट्राइल रबराचे सीलही ते फुगवते. विहिरीत सोडण्याआधी सील कशाचे आहेत ते विचाराच.

मेणावर ते चांगले चालते. डांबरी थराचे, म्हणजे अस्फाल्टीनचे, तसे नाही. अस्फाल्टीन विरघळायला द्रावकात ॲरोमॅटिक वलय, म्हणजे बेंझिनसारखे कार्बनचे कडे, असलेले बरे. झायलीनमध्ये ते असते, लिमोनीनमध्ये नसते, त्यामुळे प्रत्येक विहिरीचा थर तपासूनच ठरवावे लागते. प्रयोगशाळेत मी थराचे सारख्या वजनाचे तुकडे वेगवेगळ्या द्रावकांच्या बरण्यांत टाकते आणि बरण्या विहिरीइतक्या तापमानाला ठेवते. थोड्याच वेळात सगळ्या बरण्या काळ्याकुट्ट दिसतात. नवी मुलं तिथेच खूश होतात! पण थोडेसे अस्फाल्टीनही अख्खी बरणी काळी करते. गाळून, वाळवून, गाळणकागदावर किती उरले त्याचे वजन केल्याशिवाय मी कुठलाही आकडा लिहू देत नाही.

कार्बन डायऑक्साइडचेही नाव तुमच्या वाचनात येईल. 31 अंश तापमान आणि 74 बार दाबाच्या पुढे तो द्रावकासारखा वागू लागतो; टेक्सासमधल्या सॅक्रॉक तेलक्षेत्रात तो 1972 पासून जमिनीत सोडला जातो. त्याने तेल पातळ होऊन वाहते, पण काही तेलांत तोच अस्फाल्टीन खाली पाडतो.

खोदाईत प्रश्न द्रावकाचा नसून ड्रिलिंग मडच्या, म्हणजे खोदताना विहिरीत फिरवल्या जाणाऱ्या चिखलासारख्या द्रवाच्या, आधारतेलाचा असतो. पूर्वी त्यासाठी सर्रास डिझेल वापरत. 1990च्या सुमारास उत्तर समुद्रात वनस्पतितेलांपासून केलेली एस्टर नावाची तेलकट संयुगे आली. ती जिवाणू लवकर खातात, ही जमेची बाजू. मात्र दगडाच्या चुऱ्याला चिकटून ती समुद्रतळाशी साचली, तर जिवाणू ती खाता खाता तिथल्या गाळातला ऑक्सिजनही संपवतात. शिवाय मडमध्ये चुना असतो. चुना आणि उष्णता एकत्र आली की एस्टर फुटते आणि मड बिघडतो. खोल, तापलेल्या विहिरीसाठी मी एस्टर सुचवत नाही.