वाचकांचे प्रश्न : आकाशातलं ट्रॅफिक पायलटला दिसतं कसं?

एडीएस-बीबद्दल, म्हणजे विमान आपली जागा रेडिओवरून स्वतःच सगळ्यांना सांगत राहतं त्या यंत्रणेबद्दल, यावेळी बरीच पत्रं आलीत, त्यातली तीन घेतेय. मधल्या पत्राला जास्त जागा दिलीये, कारण तो प्रश्न विचारणारा मुलगा स्वतः विमान उडवायला शिकतोय आणि त्याच्यासारखी बरीच मुलं-मुली सध्या आपल्या भागात शिकतायत.

प्रश्न : ताई नमस्कार. संध्याकाळी नातवाला घेऊन गच्चीवर जातो आणि मोबाइलच्या अ‍ॅपवर विमानं बघतो. दोन गोष्टी कळत नाहीत. पावसाळ्यात उतरणारं विमान डोक्यावरून गेलं तेव्हा अ‍ॅप २,६०० फूट दाखवत होतं, पण ते एवढं वर नक्कीच नव्हतं. आणि सुखोई कानठळ्या बसवत जातं तरी अ‍ॅपवर काहीच दिसत नाही. असं का?
— एक आजोबा, विश्रांतवाडी

आजोबा, तुमचा डोळा बरोबर आहे. विमान आपली उंची जमिनीपासून नाही सांगत, बाहेरच्या हवेच्या दाबावरून काढलेली उंची सांगतं, आणि ती काढताना समुद्रसपाटीचा दाब कायम १०१३.२५ हेक्टोपास्कल धरलेला असतो. लोहगावचा रनवेच मुळात साधारण १,९४० फुटांवर आहे, म्हणजे तुमच्या २,६०० मधून तेवढे गेले की उरले ६६०. त्यात पावसाळ्यात दाब उतरलेला असतो, एक हेक्टोपास्कलला साधारण २७-२८ फुटांचा फरक पडतो, तर दाब १००६ असेल तर आणखी दोनेकशे फूट कमी करा. विमान तुमच्या वर साडेचारशे फुटांच्या आसपास होतं. नातवाला हे गणित वहीत करायला लावा, त्याला मजा येईल.

सुखोईचं सोपं आहे. अ‍ॅपला जे दिसतं ते विमानाने स्वतःहून सांगितलेलं असतं. प्रवासी विमान जीपीएसवरून आपली जागा काढतं आणि १०९० मेगाहर्ट्झवर साधारण सेकंदाला दोनदा ती जाहीर करतं, सोबत उंची, वेग, दिशा, फ्लाइट नंबर आणि त्या विमानाचा स्वतःचा २४ बिटांचा पत्ता, म्हणजे ओळख क्रमांक. हेच एडीएस-बी. स्वारगेटला वडापवाला कुणी विचारायची वाट न बघता ‘हडपसर, हडपसर’ ओरडत असतो ना, तसंच. जगभर लोकांनी घरावर छोटे अँटेना लावलेत, ते हे ऐकतात आणि अ‍ॅपला पाठवतात. हवाई दलाच्या लढाऊ विमानांनी आपली जागा सगळ्यांना सांगत फिरावं अशी अपेक्षाच नसते. लोहगावचा तळ आणि तिथलं एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण, दोन्ही हवाई दलाकडेच आहे, त्यांना ती विमानं रडारवर दिसतात, तुम्हाला अ‍ॅपवर दिसायची गरज नाही आणि दिसू नयेतच.

प्रश्न : ताई, मी बारामतीला फ्लाइंग ट्रेनिंग घेतोय. आमच्या बॅचमध्ये वाद चाललाय. काही जण म्हणतात टॅबवर ट्रॅफिक दिसत असेल तर बाहेर बघायचं टेन्शन कमी होतं, पण इन्स्ट्रक्टर म्हणतात स्क्रीनमध्ये डोकं घालू नका. आणि मोठ्या विमानात टीकॅस (टक्कर टाळायचं यंत्र) असतं, मग एडीएस-बी वेगळं कशाला?
— एक विद्यार्थी पायलट

अरे वा, फार चांगला प्रश्न. आधी टीकॅस. ते विचारून उत्तर घेतं. टीकॅस असलेलं विमान १०३० मेगाहर्ट्झवर आसपासच्या विमानांतल्या ट्रान्सपॉन्डरला, म्हणजे विचारलं की आपोआप उत्तर देणाऱ्या रेडिओ यंत्राला, प्रश्न टाकतं, उत्तर १०९० वर येतं, उत्तर यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतं, आणि धोका वाटला तर आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ म्हणतं आणि मग सरळ हुकूम देतं, वर जा किंवा खाली जा. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीच्या वर सौदीचं जम्बो आणि कझाकस्तानचं इल्युशिन धडकलं, ३४९ माणसं गेली, त्यानंतर आपल्याकडे या यंत्राची सक्ती झाली. पण टीकॅस महाग, जड, आणि तुझ्या दोन-चार सीटच्या ट्रेनरमध्ये, म्हणजे शिकायच्या छोट्या विमानात, नसतं.

आता एडीएस-बी. यात दोन भाग आहेत आणि लोक कायम गल्लत करतात. ‘आउट’ म्हणजे आपण सांगणं, ‘इन’ म्हणजे दुसऱ्याचं ऐकून आपल्या स्क्रीनवर दाखवणं. अमेरिकेने १ जानेवारी २०२० पासून बहुतेक गजबजलेल्या आकाशात ‘आउट’ सक्तीचं केलं, युरोपनेही त्याच वर्षी मोठ्या विमानांना सुरुवात केली. ‘इन’ मात्र ऐच्छिक ठेवलं. म्हणजे एटीसीला सगळं दिसणार, घरी बसलेल्या माणसालाही अ‍ॅपवर दिसणार, आणि ज्याच्या समोरून विमान येतंय त्या पायलटला दिसेलच असं नाही. मला हे अजिबात पटत नाही, आणि मी हे प्रत्येक ठिकाणी बोलते.

२९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनला पोटोमॅक नदीवर लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर आणि उतरायला आलेलं छोटं जेट रात्री धडकलं, ६७ जण गेले. हेलिकॉप्टर एडीएस-बी आउट पाठवत नव्हतं. जेटमध्ये टीकॅस होतं, त्याने टकरीच्या १९ सेकंद आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ म्हटलंही, पण जमिनीपासून साधारण हजार फुटांच्या खाली ते वर जा-खाली जा सांगतच नाही, मुद्दामच तसं ठेवलंय, आणि हे सगळं तीनशे फुटांच्या आसपास घडलं. जेटमध्ये एडीएस-बी इन नव्हतं. हेलिकॉप्टरवाल्यांनी तर विमान दिसतंय असं एटीसीला सांगितलं होतं. म्हणजे एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं, हे दोन्ही जिथे हवं होतं तिथे दोन्ही नव्हतं.

मग तू म्हणशील डोळे काय कामाचे. डोळ्यांची मर्यादा समजून घे. दोन ट्रेनर शंभर-शंभर नॉटने समोरासमोर आले तर जवळ यायचा वेग ताशी ३७० किलोमीटर होतो. दोन किलोमीटरवर दिसलं तरी हातात वीसेक सेकंद, आणि दिसणं, ओळखणं, ठरवणं, स्टिक हलवणं, विमानाने वळणं या सगळ्याला अमेरिकेच्या एफएए या हवाई वाहतूक नियामकाच्या हिशोबाने १२.५ सेकंद लागतात. त्यात सगळ्यात वाईट गोष्ट अशी की जे विमान तुझ्यावर आदळणार असतं ते काचेत सरकतच नाही, एकाच जागी ठिपक्यासारखं राहतं आणि शेवटच्या क्षणी एकदम मोठं होतं, आणि आपला डोळा तर हलणारी वस्तूच पटकन पकडतो. ऑस्ट्रेलियाच्या १९९१ च्या सरकारी अहवालात हे सगळं मांडलंय, आणि त्यातच आहे की कुठे बघायचं हे आधी कळलं असेल तर शोध आठपट परिणामकारक होतो.

इन्स्ट्रक्टर बरोबरच आहेत आणि स्क्रीनही कामाची आहे, दोन्ही खरं. स्क्रीनवर एक नजर टाक, दोन वाजता (घड्याळात दोन असतात त्या दिशेला, म्हणजे समोरून थोडं उजवीकडे), अंतर तीन मैल, शेजारी +०५ म्हणजे तुझ्यापेक्षा ५०० फूट वर, बाण खाली असेल तर तो उतरतोय. झालं, आता मान वर आणि दोन वाजता शोध. सापडलं तर ठीक, नाही सापडलं तर रेडिओवर बोल आणि तिकडे जाऊ नकोस. फक्त स्क्रीनवर बघून वळण घ्यायचं नाही, कारण ती टीकॅससारखा हुकूम देत नाही. आणि हे कायम लक्षात ठेव की रिकामी स्क्रीन म्हणजे रिकामं आकाश नाही. ज्याच्याकडे आउट नाही तो तुला दिसणारच नाही, म्हणजे जुनं विमान, ग्लायडर, पॅराग्लायडर, ड्रोन, घार. सर्किटमध्ये, म्हणजे रनवेभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, पाच-सहा ट्रेनर असतील तेव्हा तर रेडिओवरचे पोझिशन कॉल वेळेवर आणि खरे द्यायचे, बेसवर (उतरायच्या आधीच्या आडव्या टप्प्यावर) वळायच्या आधीच ‘टर्निंग बेस’ म्हणून मोकळं व्हायचं नाही.

युरोपात ग्लायडरवाल्यांनी फ्लार्म नावाचं छोटं यंत्र २००४ पासून वापरायला सुरुवात केली, पुढच्या काही सेकंदांत आपण कुठून जाणार हे ते काढतं आणि एकमेकांना कळवतं. हडपसरला ग्लायडिंग सेंटर असलेल्या आपल्या शहरात अशा स्वस्त यंत्रांचा विचार शिकवणाऱ्या संस्थांनी करायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : माझा मुलगा कामानिमित्त सारखा अमृतसरला जातो. तिकडे विमानांचं जीपीएस फसवतात असं वाचलं. मग हे एडीएस-बी पण खोटं सांगणार का? आणि कुणी खोटं विमानच दाखवलं तर?
— एक आई, कोथरूड

ताई, तुमची काळजी बरोबर आहे. आपल्या पुण्याचेच खासदार आणि हवाई वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी मार्च २०२५ मध्ये लोकसभेत सांगितलं की नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूकडे, जीपीएसमध्ये ढवळाढवळ झाल्याच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्या. आणि हो, जीपीएस चुकलं तर एडीएस-बी तीच चूक प्रामाणिकपणे जाहीर करतं, कारण त्याला दुसरीकडून जागा कळतच नाही. खोटं विमान उभं करणंही तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, या संदेशाला कुलूप नाही, सही नाही, कारण जगातल्या प्रत्येक विमानाला तो वाचता यावा म्हणून तो उघडाच ठेवलाय.

पण एटीसी फक्त त्यावर बसलेलं नाही. रडार स्वतः मोजतं, विमानाच्या जीपीएसला विचारत नाही. काही ठिकाणी एकच संदेश तीन-चार जमिनीवरच्या स्टेशनांना किती फरकाने पोचला ते मोजतात, रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, त्यामुळे खोटी जागा लगेच उघडी पडते. टीकॅसही अंतर स्वतः मोजतं. आणि कॉकपिटमध्ये जायरोवर चालणारी इनर्शियल सिस्टीम असते, तिला बाहेरचा सिग्नल लागत नाही, शिवाय दिशा सांगणारं व्हीओआर, अंतर सांगणारं डीएमई आणि उतरताना रनवेकडे नेणारं आयएलएस, हे सगळं जमिनीवरून येतं. जीपीएस विचित्र वागायला लागलं की पायलट ते बाजूला ठेवतात, एटीसीला कळवतात आणि या जुन्या साधनांवर येतात, सिम्युलेटरमध्ये याचा सराव होतो. म्हणूनच ही जमिनीवरची साधनं जुनी झाली म्हणून काढून टाकायची घाई करू नये असं माझं ठाम मत आहे. मुलाला अमृतसरला बिनधास्त जाऊ द्या.