जुन्या फोनवर ॲप वापरणारे दोनच टक्के उरलेत, तर किमान व्हर्जन अँड्रॉइड ५ वरून ८ वर न्यावं का?

दोन टक्के कशाचे, ते आधी बघा. इन्स्टॉलचे असतील तर त्या आकड्यावर काहीही ठरवू नका. असाच आकडा पुढे करून आमच्याकडे एक निर्णय झाला होता. मी तेव्हाही त्याच्या विरोधात भांडलो होतो आणि आजही माझं मत तेच आहे.

मी तेव्हा पणजीतल्या एका कंपनीत होतो. दूध सोसायट्यांसाठी ॲप होतं. सेंटरवर दूध घालायला आलेल्याचा कोड टाकायचा, मग लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ). दर निघतो, पावती निघते. शेतकऱ्याला त्याच ॲपमध्ये आपलं पासबुक बघता यायचं. टीम लीडने प्ले कन्सोल (ॲप बनवणाऱ्यांसाठीचं गूगलचं पान) उघडून दाखवलं, अँड्रॉइड ५ आणि ६ मिळून तीन टक्के. म्हणाला, "एवढ्यांसाठी बाकीच्यांना कशाला अडकवायचं?" मी म्हटलं, दुधाच्या नोंदी कुठल्या फोनवरून येतात ते सर्व्हरवर बघूया. पासबुक बघणारा शेतकऱ्याचा मुलगा नवा फोन घेतो. सेंटरवरचा फोन सोसायटीचा, तो बंद पडेपर्यंत कोणी बदलत नाही. त्या एका फोनमागे अख्ख्या वाड्याचं दूध असतं. कोणी बघितलं नाही.

व्हर्जन वाढलं. नुसतं तेवढंच झालं असतं तर एक वेळ निभावलं असतं, कारण मिन एसडीके, म्हणजे हे किमान व्हर्जन, वाढवला म्हणून जुन्या फोनवरचं ॲप पुसलं जात नाही, ॲपचं शेवटचं चालणारं बिल्ड तिथे राहतं. पण त्याच रिलीजसोबत सक्तीच्या अपडेटचा स्क्रीनही सर्व्हरवरून चालू केला गेला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास सत्तरी तालुक्यातल्या एका सेंटरच्या सेक्रेटरीबाईंचा फोन: "भाऊ, बटण दामतां, परत तेंच येता." 'अपडेट करा' दाबलं की प्ले स्टोअर उघडायचं. तिथे अपडेटचं बटणच नाही, फक्त 'ओपन'. ओपन केलं की पुन्हा आमचा तोच स्क्रीन. बाहेर लोक कॅन घेऊन उभे, दुधाची गाडी यायची वेळ झालेली. बाईंनी वही काढली आणि सगळं हाताने लिहून घेतलं. दर मात्र फॅट बघून एकेकाचे नंतर लावत बसावे लागले. ऑफिसात लीड म्हणाला, त्यांनी नवा फोन घ्यावा. सोसायटीला फोन घ्यायचा तर विषय कमिटीपुढे जातो, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि जाणूनही घ्यायचं नव्हतं. टक्के बघून माणसं ठरवणाऱ्यांचं हेच होतं.

आता तुमचं. व्हर्जन वाढवायला कारण लागतं, आणि ते तुमच्या कोडमध्ये दाखवता आलं पाहिजे. जावा टाइमच्या एपीआयसाठी (तारीख-वेळेचा तयार कोड) ८ वर जाणार असाल तर गरज नाही, डीशुगरिंग, म्हणजे नवा कोड जुन्या फोनला चालेल असा बदलून देणारी बिल्डमधली सोय, चालू केलं की ते खालीही चालतं. नोटिफिकेशन चॅनेल ८ पासून आले, पण तो कोडमधल्या एका इफचा, म्हणजे एका अटीचा, प्रश्न आहे. खरी कारणं दोन. गूगलच्या अँड्रॉइडएक्सच्या लायब्ररींनी किमान एपीआय २१ वरून २०२५ मध्ये २३ केला (अँड्रॉइड ५ वरून ६), म्हणजे ५ ला धरून बसलात तर त्यांच्या नव्या दुरुस्त्या तुम्हाला मिळणार नाहीत. दुसरं, ७.१.१ च्या आधीचे फोन लेट्स एन्क्रिप्टचं (सर्व्हरना फुकट सुरक्षा प्रमाणपत्र देणारी संस्था) मूळ प्रमाणपत्र ओळखत नाहीत, आणि त्यांच्यासाठी केलेली जुन्या सहीची सोय २०२४ मध्ये संपली. तुमचा सर्व्हर तेच प्रमाणपत्र वापरत असेल आणि मूळ प्रमाणपत्र ॲपमध्ये सोबत दिलेलं नसेल, तर त्या दोन टक्क्यांतले असे फोन आत्ताच अडलेले असतील. लॉग बघा.

माझ्या मते आत्ता ६ वर या. ८ वर जायला मला तुमच्या प्रश्नात एकही कारण दिसत नाही.

वाढवायच्या आधी जुन्या फोनांसाठीचं शेवटचं बिल्ड नीट दुरुस्त करून सोडा, कारण ते पुढे कित्येक वर्षं चालेल. ॲपकडून प्रत्येक रिक्वेस्टसोबत ओएसचं व्हर्जन पाठवा. ज्याला अपडेट मिळूच शकत नाही त्याला सक्तीचा स्क्रीन दाखवू नका. सर्व्हरची जुनी एपीआयही लगेच बंद करू नका.

हे सगळं नोंदी ठेवणाऱ्या ॲपबद्दल. तुमच्या ॲपमधून पैसे फिरत असतील तर ज्या फोनला वर्षानुवर्षं सिक्युरिटी पॅच आलेला नाही त्याला आत घेणं धोक्याचं आहे; तिथे ८ काय, त्याच्याही वर जा. फक्त तुमच्याकडेही असे सेंटरवाले असतील तर त्यांना आधी फोन करून सांगा आणि त्यांच्या कमिटीची बैठक होईपर्यंत थांबा. रिलीज गणेश चवथीच्या आठवड्यात तर अजिबात नको. तेव्हा तुमचेही अर्धे लोक मूळ घरी गेलेले असतात, आणि सकाळचं दूध काही थांबत नाही.